म्हातारपण थांबले, तर मरणही थांबेल का?

गेल्या अंकात या सदरासाठी वार्धक्याविषयीचे प्रश्न मागवले होते. गुडघेदुखी, विस्मरण आणि झोप यांविषयीची पत्रे अधिक येतील अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली आहे, ती म्हणजे विज्ञानाच्या बळावर माणूस कायमचा जगू शकेल का. त्यांपैकी सात पत्रे येथे घेतली आहेत. जागेसाठी पत्रे थोडी आटोपती केली आहेत, मात्र विचारणाऱ्यांचा रोख तसाच ठेवला आहे.

प्रश्न : स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षे होते आणि आज ते ७०च्या घरात आहे, असे मी स्वतः तीस वर्षे मुलांना शिकवले. पाऊणशे वर्षांत आयुष्य दुपटीहून अधिक वाढले असेल, तर याच गतीने ते दीडशे, दोनशे आणि पुढे अमर्याद का होऊ नये?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण शिकवलेले आकडे बरोबर आहेत, त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात मात्र 'सरासरी' या शब्दाने चकवा दिला आहे. दहा जन्मांपैकी पाच मुले वर्षभराची होऊन दगावली आणि उरलेले पाच जण ६३ वर्षे जगले, तर त्या दहांचे सरासरी आयुर्मान बरोबर ३२ भरते, आणि तरीही त्यांच्यात बत्तिसाव्या वर्षी वारलेला एकही माणूस सापडत नाही. ऐंशी वर्षांच्या पणज्या तेव्हाही होत्या. पाळण्यातले मूल शाळेच्या वयापर्यंत पोहोचेल याची खात्री मात्र नव्हती. देवीची लस, हिवतापाविरुद्धची फवारणी, प्रतिजैविके, स्वच्छ पाणी आणि सुरक्षित बाळंतपण यांनी ती बरीचशी मिळवून दिली, आणि सरासरी वर चढली ती मुख्यत्वे बालमृत्यू टळल्यामुळे. हा लाभ एकदाच पदरात पडणारा आहे. जे मूल आज वाचले, त्याला उद्या पुन्हा वाचवून सरासरी आणखी वाढवता येत नाही.

माणसाच्या कमाल आयुष्याची गोष्ट निराळी आहे. फ्रान्समधील आर्ल या गावच्या जान कालमाँ १८७५ साली जन्मल्या आणि १९९७ साली, १२२ वर्षे १६४ दिवसांच्या होऊन वारल्या. हा विक्रम आजवर मोडलेला नाही. (त्या मुळात कालमाँ नव्हत्याच, त्यांच्या मुलीने आईचे नाव धारण केले होते, असा आक्षेप २०१८ साली रशियातून घेतला गेला, परंतु बहुतेक लोकसंख्याशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही.) त्यांच्या मृत्यूनंतर औषधे सुधारली, शंभरी गाठणारे वाढले, तरी शिखर तेथेच राहिले.

याचे कारण १८२५ साली लंडनच्या बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी विम्याचे हिशेब करताना मांडले होते. प्रौढ माणसाचा मृत्यूचा धोका दरवर्षी सारखाच वाढत नाही, तो चक्रवाढ व्याजाने वाढतो. आजच्या आकडेवारीत तो साधारणपणे दर आठ वर्षांनी दुप्पट होतो, म्हणजे तिशीतल्या धोक्याच्या १२८ पट धोका ८६व्या वर्षी असतो. अशा कर्जदाराच्या एका सावकाराची कायमची फेड केली, तरी दुसरा दारात उभाच असतो. सगळे कर्करोग जगातून नाहीसे झाले तर श्रीमंत देशांतील सरासरी आयुर्मान किती वाढेल, याचा हिशेब झालेला आहे, आणि त्याचे उत्तर आहे सुमारे तीन वर्षे. कर्करोगातून वाचलेल्या माणसाला थोड्याच काळात हृदयविकार, पक्षाघात किंवा न्यूमोनिया गाठतो, कारण या सर्वांचे मूळ असलेले वय तसेच चालू राहते. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, आजवरच्या गतीने दीडशे होणार नाहीत. व्हायचेच असतील तर एकेका रोगाऐवजी वार्धक्याच्या मुळालाच हात घालावा लागेल, आणि तो आतापर्यंत माणसात कोणालाही यशस्वीपणे घालता आलेला नाही.

प्रश्न : पेशी विभागून नव्या पेशी तयार होतात, असे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. मग जुन्याची जागा नवे घेत असताना शरीर म्हातारे होण्याचे कारण काय? टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) बाहेरून दिले तर पेशी अमर होतात, असे एका व्हिडिओत ऐकले. ते खरे आहे का?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, लातूर

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न विचारायला जीवशास्त्राला जवळजवळ पन्नास वर्षे उशीर झाला, आणि त्या उशिराची हकिगत मला शिकवताना सर्वांत आवडत असे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल यांनी जानेवारी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. नोबेल पारितोषिकही त्यांना त्याच वर्षी मिळाले, पण ते रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामासाठी. तो तुकडा वाढतच राहिला. वर्तमानपत्रे दर जानेवारीत त्याचा वाढदिवस छापत. १९४४ साली कॅरेल वारले आणि त्यांच्या पेशी त्यानंतरही दोन वर्षे चालू होत्या. पेशी मुळात अमर असते आणि म्हातारपण येते ते शरीराच्या व्यवस्थेत बिघाड झाल्यामुळे, हे मत त्यातून इतके पक्के झाले की ज्याच्या पेशी काचपात्रात मरत, तो स्वतःच्याच हाताला दोष देई.

फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक यांच्याही पेशी मरत होत्या. त्यांनी हाताला दोष देण्याऐवजी मोजणी केली, आणि साधारण पन्नास विभाजनांनंतर माणसाच्या पेशी थांबतात असे त्यांना आढळले. पात्रात विषाणू शिरला असेल किंवा पोषक द्रव्य बिघडले असेल ही शंका त्यांनी आणि पॉल मूरहेड यांनी ज्या रीतीने मिटवली, ती प्रयोग कसा रचावा याचा वस्तुपाठ आहे. पुष्कळ वेळा विभागलेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच पात्रात मिसळल्या. पुरुषाच्या वेगळ्या ठेवलेल्या पेशी थांबल्या, तेव्हा मिश्रण तपासले तर त्यात केवळ स्त्रीच्या पेशी जिवंत होत्या. पात्र एक, द्रव एक, आणि तरी जुन्या पेशींनी आपले वय मोजले होते. हा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. कॅरेल यांच्या प्रयोगाचा उलगडा पुढे असा केला गेला की खाद्य म्हणून घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या अर्कातून ताज्या पेशी पात्रात जात असाव्यात. म्हणजे दरवर्षी वाढदिवस साजरा होत होता तो नव्याच पाहुण्यांचा.

पेशी वय कशावर मोजते, याचे उत्तर गुणसूत्रांच्या टोकांवर मिळाले. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा अगदी शेवटच्या टोकाची नक्कल करू शकत नाही. बंद खोलीत जमीन सारवणाऱ्याच्या पायाखालची जागा जशी राहून जाते, तसे हे आहे. म्हणून प्रत्येक विभाजनात टोकावरचा थोडा भाग कमी होतो. त्या टोकावर, म्हणजे टेलोमिअरवर, एकच छोटा मजकूर हजारो वेळा लिहिलेला असतो, त्यामुळे सुरुवातीला नुकसान जाणवत नाही. तो फार आखूड झाला की पेशी विभागणे थांबवते. टेलोमरेज हे विकर तो भाग पुन्हा जोडते. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९चे नोबेल मिळाले.

आता व्हिडिओतील दाव्याकडे येऊ. टेलोमरेज चालू केल्यावर काचपात्रातील पेशी हेफ्लिकची मर्यादा ओलांडते, हे खरे आहे. परंतु आपल्या शरीरात हे विकर सर्वांत सर्रास वापरते कोण, तर कर्करोगाची पेशी. सुमारे दहांपैकी नऊ कर्करोगांत ते चालू असते. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत. ती स्वतः त्याच वर्षी, ३१ वर्षांची असताना गेली. पेशीचे न थांबणे आणि माणसाचे जगणे यांचे हित एक नसते, आणि विभाजनाला घातलेली मर्यादा हा बहुधा कर्करोगाविरुद्धचा बांध आहे. शिवाय तुम्ही शोधत असलेले वार्धक्य केवळ टेलोमिअरमध्ये नाही. मेंदूतील बहुतेक चेतापेशी आणि हृदयाच्या बहुतांश स्नायुपेशी प्रौढपणी विभागतच नाहीत, आणि तरीही त्या म्हाताऱ्या होतात.

प्रश्न : कधीच न मरणारा एक समुद्री जीव आहे, असे वाचले. आमच्या समुद्रातील एखाद्या प्राण्याला जे जमते, ते माणसाला का जमू नये?
— आंबा बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : आपण ज्याविषयी वाचले, तो टुरिटॉप्सिस डोर्नी नावाचा नखाएवढा जेलीफिश आहे. जखम झाली किंवा उपासमार झाली, की प्रौढ जेलीफिश आक्रसतो आणि तळाला चिकटून राहणाऱ्या आपल्या बाल्यावस्थेत परत जातो. तेथून तो पुन्हा वाढतो. याला मोजून मर्यादा सापडलेली नाही. मासे आणि कासवे जेलीफिश खातातच, त्यामुळे समुद्र काही या प्राण्याने भरून गेलेला नाही.

पण इतक्या लांबच्या उदाहरणाची आपल्याला गरज नाही. आपल्या बागेतील हापूसचे प्रत्येक झाड हे दुसऱ्या हापूसच्या काडीवरून बांधलेले कलम आहे, ते दुसरे तिसऱ्याच्या काडीवरून, आणि ही साखळी कित्येक शतके मागे पहिल्या हापूसच्या झाडापर्यंत जाते. खुंट बदलत गेले, पण वरची फांदी त्या एकाच झाडाचा न तुटलेला देह आहे. ऊस पिकवणाऱ्यांना याची दुसरी बाजूही ठाऊक असते: कांडीवरून कांडी लावत गेले की पिढ्यापिढ्यांत रोग साठत जातात, उतारा घटतो आणि अखेर 'बेणे बदलायला हवे' असे म्हणावे लागते. वनस्पतीला हे परवडते, कारण तिला 'मी' म्हणून काही जपायचे नसते. हापूसच्या फांदीला पहिल्या झाडाने पाहिलेला पाऊस आठवत नाही, आणि तो आठवावा अशी कोणाची अपेक्षाही नाही.

जेलीफिशला जे साधते, ते पेशीच्या पातळीवर माणसातही साधले आहे. जपानमधील शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुके चालू करून ती गर्भावस्थेतील पेशीसारखी केली, पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीबाबत तेच करून दाखवले, आणि २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. हीच चार जनुके जिवंत उंदराच्या अंगात सतत चालू ठेवली तेव्हा पेशी आपण यकृताच्या की त्वचेच्या हे विसरल्या आणि गाठी होऊन उंदीर मेले. २०१६ साली अमेरिकेच्या सॉल्क संस्थेत ती थोड्या थोड्या काळापुरतीच चालू करून पाहिली, तेव्हा अकाली वार्धक्याचा आजार असलेले उंदीर अधिक जगले. पेशीचे वय मागे न्यायचे पण तिची ओळख पुसायची नाही, ही तारेवरची कसरत आहे, आणि माझ्या मते सध्याच्या सर्व संशोधनात खरी धग आहे ती येथेच. २०२२ साली सुरू झालेल्या आल्टोस लॅब्ज या कंपनीत याच आशेवर तीन अब्ज डॉलर ओतले गेले आहेत. अर्थात पैसा ओतल्यामुळे उत्तर सापडतेच असे नाही, हे बागायतदाराला मी सांगायला नको.

प्रश्न : माझ्या औषधांच्या दुकानात मधुमेह नसलेले लोकही आता मेटफॉर्मिन मागू लागले आहेत, आणि परवा एकाने रॅपामायसिनची चौकशी केली. या गोळ्यांनी आयुष्य वाढते का?
— औषधविक्रेता, नाशिक

उत्तर : रॅपामायसिनचा इतिहास सांगण्यासारखा आहे. कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने १९६४ साली पॅसिफिकमधील ईस्टर बेटावरची माती गोळा केली. त्या बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून औषधाचे नाव आले. माँट्रियल येथील एअर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मातीतील सूक्ष्मजीवापासून हे रसायन वेगळे केले ते सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सेहगल यांचा जन्म आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातला. बुरशीवरचे औषध म्हणून शोधलेले हे रसायन प्रतिकारशक्ती दाबते असे आढळले आणि कंपनीचा त्यातला रस संपला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळा बंद होऊन मंडळी अमेरिकेत न्यू जर्सीला निघाली, तेव्हा सेहगल यांनी त्या सूक्ष्मजीवाचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये, 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून, जपून नेला. पुढे कंपनीचे व्यवस्थापन बदलले, काम पुन्हा सुरू झाले, आणि मूत्रपिंडरोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये यासाठी १९९९ साली या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्यानंतर २००९ साली आलेल्या निष्कर्षाने वार्धक्याचे अभ्यासक खुर्चीत सावरून बसले. माणसाच्या साठीशी जुळेल अशा वयाच्या, म्हणजे ६०० दिवसांच्या उंदरांना हे औषध सुरू केले, तरी माद्यांचे आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचे ९ टक्क्यांनी वाढले. अन्न कमी मिळाले म्हणजे पेशी वाढीचा नाद सोडून डागडुजीकडे वळते. हे औषध अन्न असतानाही तिला तसेच भासवते. उंदराला अर्धपोटी ठेवले की तो अधिक जगतो, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ सालीच उंदीरवर्गातील प्राण्यांवर दाखवले होते, त्याचीच ही रासायनिक वाट आहे. पण प्रयोगातील उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात राहतो, आणि आपले ग्राहक नाशिकमध्ये राहतात. प्रतिकारशक्ती दाबणारे औषध धडधाकट माणसाने वर्षानुवर्षे घेतल्याने आयुष्य वाढते, हे कोणीही दाखवलेले नाही. तोंडात फोड, रक्तातील चरबी वाढणे आणि जंतुसंसर्ग हे त्याचे परिणाम मात्र नोंदलेले आहेत. सेहगल यांनी स्वतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर ते घेऊन पाहिले होते. २००३ साली ते वारले.

मेटफॉर्मिन त्या मानाने सौम्य आहे, आणि मधुमेह नसलेल्यांचे वार्धक्य ते लांबवते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत सुमारे ३,००० ज्येष्ठांवर चाचणी घेण्याची योजना आखली गेली. औषध जुने, स्वस्त आणि एकस्व (पेटंट) संपलेले असल्यामुळे त्यावर खर्च करण्यात कंपन्यांना रस नव्हता, आणि योजना वर्षानुवर्षे पैशांसाठी अडून राहिली. दरम्यान दोन गोष्टी दिसून आल्या आहेत: व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांना व्यायामापासून जो लाभ होतो, त्यातला काही भाग ही गोळी कमी करते, आणि ती दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. शाकाहारी माणसात हे जीवनसत्त्व आधीच काठावर असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागणाऱ्याला आपण नकार देत असाल, तर तो द्यावाच.

प्रश्न : आपण पाश्चात्त्य प्रयोगांचेच दाखले देणार, हे गृहीत धरतो. च्यवन ऋषींना तारुण्य परत मिळाले होते. पंडित मदनमोहन मालवीय यांनी तर कायाकल्प करून घेतला होता. त्याची दखल विज्ञान का घेत नाही?
— कापडाचे व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : मालवीयजींचा कायाकल्प झाला होता, हे खरे आहे. १९३८ साली, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी तपसी बाबांच्या देखरेखीखाली तो करून घेतला आणि त्याची देशभर चर्चा झाली. आरंभी त्यांना तरतरी आली असे सांगितले गेले. मात्र प्रकृतीच्या तक्रारी सुटल्या नाहीत, १९३९ साली त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरुपद सोडले आणि १९४६ साली वयाच्या ८४व्या वर्षी ते वारले. चाळीस दिवस विश्रांती, ठरलेला आहार आणि एकांत मिळाल्यावर कोणत्याही थकलेल्या पुढाऱ्याला बरे वाटले असते. ते बरे वाटणे औषधीमुळे की विश्रांतीमुळे, हे एका माणसावरून सांगता येत नाही.

पाश्चात्त्यांनाही हीच कसोटी लागू आहे, आणि त्यांची फजिती आपल्याहून मोठी आहे. पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ नावाचे शल्यविशारद १९२०च्या दशकात माकडाच्या वृषणाच्या चकत्या श्रीमंत म्हाताऱ्यांना शिवून देत असत, आणि तारुण्य परत आल्याची ग्वाही देणारे ग्राहक त्यांना कमी पडले नाहीत. तरुणांच्या रक्तातील द्रव विकत घेऊन टोचून घेण्याची टूम तर आमच्या डोळ्यांदेखत निघाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१९ साली त्याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. पुरूकडून तारुण्य घेणाऱ्या ययातीला निदान पैसे मोजावे लागले नव्हते.

प्रश्न : देह वाचवता येत नसेल, तर तो गोठवून ठेवावा आणि पुढच्या शतकात जागे व्हावे, किंवा मेंदूतील सगळी माहिती संगणकावर उतरवून घ्यावी, असे माझे येथील सहकारी गंभीरपणे बोलतात. यात किती तथ्य आहे?
— संगणक अभियंता, मूळचे पुण्याचे, सध्या सॅन होझे

उत्तर : गोठवून ठेवलेला पहिला माणूस तुमच्याच राज्यातला. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफर्ड १२ जानेवारी १९६७ रोजी कर्करोगाने वारले, आणि त्यांचा देह आज अॅरिझोनामधील स्कॉट्सडेल येथे द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, ठेवलेला आहे. त्याच काळात चॅट्सवर्थच्या दफनभूमीत ठेवलेल्या काही देहांचे नातेवाइकांकडून पैसे येणे थांबले, नायट्रोजन संपला आणि ते वितळले. अमरत्वाचा हप्ता चुकला की काय होते, ते तेथे दिसले.

शास्त्रीय अडचण बर्फाची आहे. पाणी गोठताना स्फटिक होतात आणि पेशींची आवरणे फाटतात. त्यावर उपाय म्हणून गोठणरोधक द्रव्ये भरून ऊतींचा काचेसारखा घट्ट गोळा करतात, त्यात स्फटिक होत नाहीत. मिनेसोटा विद्यापीठात अशी ठेवलेली उंदरांची मूत्रपिंडे १०० दिवसांपर्यंत सांभाळून, लोहकणांच्या साहाय्याने सर्व बाजूंनी एकसारखी गरम करून, दुसऱ्या उंदरांत बसवली गेली आणि ती चालली. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. अवयवरोपणाच्या दृष्टीने ही मोठी बातमी आहे. मात्र सस्तन प्राण्याचा अख्खा देह असा ठेवून परत उठवल्याचे एकही उदाहरण नाही, आणि गोठवलेला माणूस मुळात ज्या रोगाने मेला, तो रोगही त्याच्याबरोबर त्या टाकीत आहे.

मेंदू उतरवून घेण्याबद्दल फक्त आकडे देतो. सूत्रकृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली छापला गेला, आणि तो हाती असूनही त्या कृमीचे सगळे वागणे आजतागायत संगणकावर जसेच्या तसे उभे करता आलेले नाही. फळमाशीच्या सुमारे १,४०,००० चेतापेशींचा नकाशा २०२४ साली पुरा झाला. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. पण समजा, हेही जमले. संगणकावर तुमच्यासारखेच बोलणारे, तुमच्या आठवणी सांगणारे काही तयार झाले, आणि तुम्ही त्याच खोलीत खुर्चीवर बसलेले आहात. तर तुम्ही कोणत्या जागेवरून पाहत आहात? सातबाराचा उतारा कितीही अचूक असला तरी त्यावर ज्वारी पेरता येत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी मुलांनी माझे सहस्रचंद्रदर्शन केले. मला अमर व्हायची हौस नाही, पण कुतूहल आहे. समजा, वार्धक्य पूर्णपणे थांबवता आले, तर माणूस खरोखरच किती वर्षे जगेल? आणि आज जन्मलेले एखादे मूल दीडशे गाठेल का?
— ज्येष्ठ नागरिक, दादर

उत्तर : आपला प्रश्न सर्वांत नेमका आहे, कारण म्हातारे न होणे आणि न मरणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या धरल्या आहेत. दहा-बारा वर्षांच्या वयात मृत्यूचा धोका आयुष्यभरात सर्वांत कमी असतो. तो वर्षाला दोन हजारांत एक असा धरू आणि माणसाला तेवढ्याच धोक्यावर कायमचे थांबवू. म्हणजे हृदयविकार नाही, विस्मरण नाही, केवळ अपघात, साथी, विंचूकाटा, पूर आणि भांडणे. अशी एक लाख माणसे घेतली तर सुमारे १,३८६ वर्षांनी त्यांतील निम्मी उरतील, दहा हजार वर्षांनी पावणेसातशे आणि वीस हजार वर्षांनी चार-पाच. हा धोका शून्य करता येत नाही, कारण तो शरीरात नाही, जगात आहे. तो कमी करायचा म्हणून असा माणूस लोकल पकडणार नाही, पोहणार नाही आणि बहुधा घराबाहेरही पडणार नाही. हजार वर्षे गमावण्याची भीती साठ वर्षे गमावण्याच्या भीतीहून मोठीच असणार. तेव्हा वार्धक्य थांबले तर फार दीर्घ आयुष्य मिळेल, अमरत्व नाही.

दीडशेचा हिशेबही असाच करता येतो. १०५ वर्षांपुढील इटालियन वृद्धांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्या वयानंतर धोका वाढायचा थांबतो असे दिसले. या निष्कर्षावर वाद आहे, पण तो मान्य केला तरी धोका थांबतो तो वर्षाला जवळपास निम्म्यावर; म्हणजे दर वाढदिवसाला नाणे उडवायचे आणि छापा पडला तर पुढचे वर्ष. ११० वर्षांच्या माणसाने १२२ गाठायला ओळीने बारा छापे लागतात, आणि ही शक्यता चार हजारांत एक आहे. कालमाँबाईंच्या बाबतीत ते घडले. १५० गाठायला चाळीस छापे लागतात, आणि ती शक्यता एक लाख दहा हजार कोटींत एक इतकी पडते. नवे औषध निघून नाणेच बदलले तर गोष्ट वेगळी.

ते बदलेल की नाही, यावर पैज लागलेली आहे. वार्धक्याचे अभ्यासक स्टीव्हन ऑस्टॅड यांनी या शतकाच्या आरंभी असे विधान केले की दीडशे वर्षे जगणारा पहिला माणूस बहुधा जन्मलेला आहे. लोकसंख्येचे अभ्यासक एस. जे ओल्शान्स्की यांना ते पटले नाही. हे दोघे मित्र आहेत. त्यांनी प्रत्येकी १५० डॉलर गुंतवले, २०१६ साली तेवढेच आणखी घातले, आणि ठरवले की २१५० साली दीडशे वर्षांचा, भान शाबूत असलेला एक जरी माणूस जिवंत असेल तर ऑस्टॅड जिंकले. चक्रवाढ व्याजाने तोवर ही रक्कम कित्येक कोटी डॉलर झालेली असेल, असा त्यांचा अंदाज आहे. करारात ती रक्कम जिंकणाऱ्याच्या वारसांना मिळावी अशी तरतूद आहे, आणि त्यावर ऑस्टॅड यांचीही सही आहे.